पट्टीखालचं नाव

उमाताई शेवडे यांच्याकडे माझी रवानगी झाली ती शिक्षा म्हणून. वरच्या साहेबांशी माझं वाजलं होतं. कशावरून ते सांगत बसत नाही, चूक साहेबांची होती. निवृत्तीला सहा वर्षं उरलेली असताना मला माझ्या टेबलावरून उचलून जुन्या गोपनीय कागदांच्या कक्षात टाकलं, आणि ऑफिसातल्या मंडळींनी मला असा निरोप दिला की जणू मी अंदमानला निघालो होतो.

कक्ष म्हणजे रत्नागिरीच्या जयस्तंभापासून पाच मिनिटांवर कौलारू इमारतीतल्या दोन खोल्या, चार लोखंडी कपाटं, एक स्कॅनर आणि उमाताई. इंग्रजांच्या काळात हेरखात्याने या जिल्ह्यात कोणाकोणावर पाळत ठेवली, कोणाच्या घरी कोण आलं, सभेत कोण काय बोललं, याचे रिपोर्ट बंडलांत बांधून पडले होते. ते एकेक वाचायचे आणि लोकांना बघायला खुले करायचे की नाही ते ठरवायचं, एवढं आमचं काम. उमाताई मूळच्या दप्तरखान्यातल्या. निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या, पण मोडी वाचणारं दुसरं कोणी मिळेना म्हणून सरकारने त्यांना कंत्राटावर परत बोलावलं होतं.

पहिल्या दिवशी मी जाऊन उभा राहिलो तर त्यांनी मान वर केली नाही. दोन चष्मे होते त्यांच्याकडे, एक मोडीसाठी आणि एक माणसांसाठी. मोडीचा उतरवून माणसांचा चढवला, मला खालपासून वरपर्यंत वाचलं आणि एक कागद पुढे सरकवला.

"शिवलकर ना तुम्ही? वाचा हे. उघडायचं की झाकायचं, सांगा."

कागद १९३१ सालचा. वर 'अत्यंत गोपनीय' असा लाल शिक्का. खाली एका पोलिसाने लिहिलं होतं, की सदर संशयित इसमाने मांडवीच्या बंदरावर दोन केळी खाल्ली, साली खिशात घातल्या व सूर्य बुडेपर्यंत समुद्राकडे पाहत बसला. मी म्हटलं, झाका. उगाच कशाला झंझट.

"का? केळी खाल्ली म्हणून?"

"शिक्का आहे ना गोपनीय."

"अहो, शिक्का मारणारा मेला, केळी खाणारा मेला, ते सरकार गेलं. आता हे कोणापासून लपवायचं? केळीवाल्यापासून?" त्यांनी कागद ओढून घेतला. "झाकायला काही लागत नाही, शिवलकर. भ्यालेला कोणीही झाकतो. उघडायला आधी वाचावं लागतं."

मला राग आला. पण त्या दिवशी घरी जाताना मी स्कूटरवर एकटाच हसत होतो, हेही खरं.

झाकायचं असेल तर त्यांची एक पद्धत होती. मूळ कागदाला हात लावायचा नाही. त्याची प्रत काढायची, प्रतीवर जे नाव झाकायचं त्याच्यावर खाकी कागदाची पट्टी चिकटवायची आणि त्या प्रतीची पुन्हा प्रत काढून ती लोकांसाठी ठेवायची. प्रत्येक पट्टीची नोंद एका जाड वहीत. तिला आम्ही पट्टी-वही म्हणायचो. पट्टी क्रमांक, पान क्रमांक आणि शेवटचा रकाना 'कारण'. त्या रकान्यात 'नियमानुसार' एवढंच लिहिलेलं त्यांना अजिबात चालत नसे. "नियम कशासाठी आहे ते लिहा," म्हणायच्या. "पट्टीखालचा माणूस गेला हो, पण त्याची नात कुठेतरी शाळेत शिकवत असेल, मासे विकत असेल. ती बाई डोळ्यांसमोर आणा आणि मग लिहा." मी एकदा वैतागून म्हटलं, तुमच्या डोळ्यांसमोर सगळ्यांच्या नाती कशा येतात? तर म्हणाल्या, "सावनी आहे ना माझी, पुण्याला. तिलाच बसवत्ये प्रत्येक घरात."

जेवायला आम्ही समोरासमोर बसत असू. त्यांच्या डब्यात मऊभात आणि मेतकूट, नाहीतर फणसाची भाजी. माझ्या डब्यात बहुतेक वेळा बांगडा. पहिल्या दिवशी त्या उठल्या आणि खिडकी उघडली. मला वाटलं आता भाषण. तर म्हणाल्या, "खा निवांत. फक्त बंडलांपासून चार हात लांब बसा, कसर लागलेलं परवडतं पण मुंगी लागलेलं नाही." पुढे पुढे माझ्या बायकोसाठी त्या घरची आमसुलं पाठवू लागल्या आणि बायको मला विचारू लागली, की तुझ्या मॅडमना आपल्यातलं काय चालतं? काहीच चालत नसे. शेवटी बायकोने नारळाच्या वड्यांवर तोडगा काढला.

बातमीदारांच्या बाबतीत मात्र या बाई दगड होत्या. ज्याने पोलिसांना गुपचूप खबर दिली त्याचं नाव कितीही वर्षं झाली तरी बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा नियम. आणि त्याला जोडून दुसरा: अमका बातमीदार होता का, असं कोणी विचारलं तर 'हो' म्हणायचं नाही आणि 'नाही'ही म्हणायचं नाही. मला हा दुसरा नियम निव्वळ सरकारी वेडेपणा वाटायचा. नव्हता तर नव्हता म्हणून सांगायला काय जातं? उमाताई म्हणत, "एकाला नाही म्हटलंत आणि दुसऱ्याच्या वेळी गप्प बसलात, की दुसऱ्याचं नाव सांगितल्यासारखंच झालं." मला ते तेव्हा पटलं नाही.

मालन आजी आली ती दसरा होऊन गेल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, काटकुळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत नेसलेली. बरोबर मुलगा केरू. मुंबईत एका सोसायटीत वॉचमन होता, आता गावी परत आलेला. दोन एसट्या बदलून आले होते. गावाचं नाव मी सांगत नाही, खडकोंड म्हणू. कुठून तरी त्यांना कळलं होतं की रत्नागिरीला इंग्रजांच्या वेळचे पोलिसांचे कागद उघडतायत.

आजीला खुर्ची दिली तर ती खाली बसली. उमाताई उठल्या आणि त्याही तिच्यासमोर खाली बसल्या.

"बाय, माजा बापूस भागोजी," आजी म्हणाली. "त्यानं पोरांची नावं सरकारात सांगितलान काय नाय, तेवढा कागदात बघ नि मना सांग. सांगितलान आसंल तर तसा सांग. मी आयकून घेईन."

मग केरूने सगळी हकीकत सांगितली. बेचाळीसच्या चळवळीत खडकोंडच्या पाच पोरांनी मोठ्या रस्त्यावरची तारायंत्राची तार तोडली आणि रानात पुरून टाकली. पाच महिने कोणाला पत्ता लागला नाही. आणि शिमगा झाला, त्यानंतर चौथ्या दिवशी पोलीस आले आणि बरोबर त्याच पाच जणांना उचलून घेऊन गेले. चौघं वर्षभराने परत आले. एक तुरुंगातच तापाने गेला. गावाने विचार केला, फितूर कोण? आदल्याच दिवशी भागोजी तालुक्याच्या चौकीवर दिसला होता. तो म्हणाला, बैल हरवला होता, कोंडवाड्यात सापडला, तो सोडवायला गेलो होतो. कोणी मानलं नाही. दुसरा संशय पलीकडच्या वाडीतल्या एका दुकानदारावर होता, पण चौकीवर दिसलेला भागोजीच.

तेव्हापासून त्या घरी देवीची पालखी गेली नाही. आमच्याकडे शिमग्यात पालखी घरोघर जाते, अंगणात बसते, घरची बाई ओटी भरते. मुंबईचा माणूस नोकरीवर लाथ मारून त्या दिवसासाठी गावी येतो. खडकोंडची पालखी भागोजीच्या शेजारच्या अंगणात नाचायची आणि त्याच्या बेड्याजवळून, म्हणजे आवाराच्या फाटकाजवळून, वळून निघून जायची. ब्याऐंशी वर्षं. आता कोणी त्यांना वाईट बोलत नाही, लग्नाकार्याला बोलावतात, त्यांच्याकडे चहा पितात. फक्त पालखी जात नाही. का, असं विचारलं तर सांगतात, पहिल्यापासून तसं आहे. मालन भागोजीची एकुलती एक मुलगी. तिला गावात कोणी करून घेईना, म्हणून शेवटी बापाने लांबून घरजावई आणला आणि ती त्याच घरात राहिली.

"पालकीचा काय नाय," आजी म्हणाली. "नाय आली तर नाय. मी सात-आठ वरसांची आसताना बापाशीला इचारला, बा, तू सांगितलास काय? तो माज्याशी आठ दिस बोलला नाय. मग बोलाय लागला, पन पयल्यासारका नाय. सगला गाव म्हनत व्हता ता त्यानं सोसलान. मी इचारला ता सोसवला नाय त्याला. मेला तवा पन माज्याकडं बगत व्हता. म्हनून मना कळाया होवा, बाय. मी वाईट इचारला काय बराबर इचारला."

मला वाटलं, आता उमाताई पट्टी-वही गुंडाळून ठेवतील. त्यांनी आजीचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "आजी, मी शोधत्ये. पण कोणी खबर दिली ते मला सांगता येणार नाही. आणि तुमच्या वडलांनी दिली नाही असं निघालं तरी तेही मला नुसतं तोंडाने सांगता येणार नाही."

आजीने हात सोडवून घेतला नाही. फक्त म्हणाली, "मंग मी आली कशाला?"

ते दोघं गेल्यावर मी फटकळपणे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणुसकी नावाचा रकाना तुमच्या वहीत आहे का, असं काहीतरी बोललो. उमाताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोनच घरांवर संशय होता ना, शिवलकर? भागोजी नाही असं मी सांगितलं, तर उद्या गाव कोणाच्या दारात उभं राहील?"

तेव्हा मला तो वेडा नियम पहिल्यांदा समजला. दुकानदाराची नातवंडं त्याच गावात दुकान चालवतायत, असं केरूच सांगून गेला होता. त्या दिवशी उमाताईंनी डबा उघडला नाही. माझाही बांगडा तसाच परत गेला.

खडकोंडचं बंडल निघायला आठवडा लागला. त्यात टाइप केलेला साप्ताहिक रिपोर्ट होता. 'विश्वसनीय बातमीदार क्रमांक सात याजकडून कळते की', आणि पुढे पाच नावं, तार कुठे पुरली त्या जागेसकट. क्रमांक सात कोण, हे ज्या यादीत असायला हवं ती यादीच नव्हती. वाळवीने खाल्ली असेल, नाहीतर इंग्रज जाताना जाळून गेले असतील. मी म्हटलं, संपलं. उमाताई म्हणाल्या, "बैल राहिला की."

"कसला बैल?"

"भागोजीचा. तो म्हणाला बैल सोडवायला गेलो. बैल कोंडवाड्यात होता की नव्हता हे तर बघता येईल. ते काही गोपनीय नाही."

हरवलेली गुरं आणि कोंडवाडे यांच्या बंडलांकडे इतक्या वर्षांत कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. ती दुसऱ्या इमारतीत, पोटमाळ्यावर. एकोणसाठ वर्षांची ही बाई पदर खोचून शिडीवर चढायची आणि मी खाली शिडी धरून देवाचं नाव घेत उभा राहायचो. दिवाळी गेली, नाताळ गेला. जानेवारीत एकदा वरून आवाज आला, "शिवलकर, तांबडा बैल, डावं शिंग मोडकं! मालक भागोजी!" आणि इतकी धूळ खाली आली की मला दोन मिनिटं काही दिसलं नाही. तारीख तीच. भागोजी खरं बोलला होता.

पण बैल सोडवायला गेला म्हणून खबर दिली नाही असं होत नाही, हे मलाही कळत होतं. खरी गोष्ट त्या बंडलाच्या तळाशी होती. कोंडवाडा आणि चौकी एकाच हवालदाराच्या ताब्यात होती आणि त्याची स्वतःची रोजनिशी, फाटक्या पुठ्ठ्याची, मोडीत लिहिलेली, गुरांच्या कागदांत बांधली गेली होती. उमाताईंनी ती खिडकीशी नेली. मोडीचा चष्मा चढवला. वाचता वाचता त्या एकदम हसायला लागल्या आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"काय झालं?"

"फाका," त्या म्हणाल्या. "शिवलकर, फाका मारल्या हो त्यांनी!"

हे सांगायला हवं. शिमग्यात होम लागतो तेव्हा पोरं त्याच्याभोवती फिरत फाका मारतात. फाका म्हणजे नावं घेऊन ठोकलेल्या आरोळ्या. त्यात शिव्या असतात, टिंगल असते, वर्षभरात कोणी काय लपवून केलं ते असतं. कोणाचं कोणावर मन आहे, कोणी कोणाच्या आगरातले नारळ पाडले, सगळं. आणि याचा एक दंडक असतो: फाकेतलं कोणी मनावर घ्यायचं नाही आणि होम विझल्यावर पुन्हा तोंडातून काढायचं नाही. ते बोलणं म्हणून धरतच नाहीत.

हवालदार घाटावरचा होता, बंदोबस्ताला आला होता. भद्रेचा होम, म्हणजे रात्रीऐवजी सकाळी लागणारा, आणि गावाने त्याला पोळी खायला बसवलं होतं. उमाताईंनी मला वाचून दाखवलं: 'होमाभोवती जमलेले समस्त गावकरी फाका मारीत असता, अमक्याने स्वतःचे व सोबतच्या चौघांचे नाव घेऊन तार तोडल्याची व पुरल्याची आरोळी ठोकली. त्यावर समस्त गावाने तीच आरोळी तीन वेळा दिली. मी पोळी खात बसलो होतो. वर कळविताना बातमीदार क्रमांक सात असे कळविले, कारण शिमग्याच्या बोंबेवरून गुन्हा उघडकीस आला असे लिहिल्यास साहेब हसतील.'

बातमीदार कोणी नव्हताच. पाच महिने पोटात ठेवलेली गोष्ट गावाने होमाजवळ एका सुरात ओरडून सांगितली होती, हवालदाराच्या पानात पोळी वाढून. आणि तो दंडक इतका अंगात मुरलेला, की नंतर फितूर शोधताना एकालाही ती फाका आठवावीशी वाटली नाही. भागोजी स्वतः तिथे असणार. त्यानेही ती आरोळी दिली असेल. त्यानेही ती कधी बोलून दाखवली नाही. हे लक्षात आलं आणि मला रडू आलं, लपवत नाही.

'अमक्याने' असं मी म्हटलं, पण रोजनिशीत तिथे नाव आहे. ते मी सांगणार नाही. एवढं सांगतो, की तो त्या पाचांतलाच एक होता, वीस वर्षांचा, आणि त्याच्या घरची माणसं आजही खडकोंडला राहतात.

आता हे खुलं करायला वरची परवानगी हवी. मुंबईचे साहेब, सलिल गद्रे, स्क्रीनवर आले. माणूस वाईट नव्हता, पण सावध. म्हणाले, "मॅडम, खबरीचा स्रोत उघड होतो. पूर्ण पान बंद ठेवू या."

"स्रोत म्हणजे कोण, साहेब?" उमाताईंनी विचारलं. "होमाभोवती दीडशे माणसं होती आणि ती ओरडत होती. मी कोणाकोणावर पट्टी लावू? ढोलवाल्यावर पण लावू का?"

साहेबांनी तोंडावर हात धरला. हसू आवरत असावेत.

"हे पान बंद राहिलं तर एका मेलेल्या माणसावरचा खोटा आळ सरकार सांभाळून ठेवील," उमाताई म्हणाल्या. एरवी साहेबांशी बोलताना त्यांचा आवाज चढत नसे, त्या दिवशी चढला. "पहिली आरोळी ज्याने दिली त्याचं एक नाव मी झाकत्ये. बाकी सगळं उघडायचं. कारण मी लेखी देत्ये."

साहेबांनी मंजुरी दिली. नावावरची पट्टी मी स्वतः कापली आणि चिकटवली, क्रमांक चारशे बारा. पट्टी-वहीत उमाताईंनी पान क्रमांक घातला आणि कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. साहेबांना पाठवलेलं कारण सरकारी भाषेतलं होतं, ते वहीत उतरवायला त्यांचं मन होईना. "पोराने शिमग्यात आरोळी दिली, त्याला बातमीदार म्हणून झाकायचं म्हणजे पुन्हा खोटंच," त्या म्हणाल्या. तो रकाना कोरा राहिला. त्या वहीत कोरा राहिलेला तो एकच.

शिक्का मारलेली प्रत घेऊन आम्ही शिमग्यातच खडकोंडला गेलो. पोस्टाने पाठवता आली असती. उमाताई म्हणाल्या, "आजीला वाचता येत नाही. आणि पोस्टमन मोठ्याने वाचणार नाही." पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या बसायच्या चौथऱ्यावर बसली होती. ढोल चालू होते, मुंबईहून आलेली निम्मी चाळ तिथे जमली होती. केरू आईला धरून घेऊन आला. गावकार परशुराम, सत्तरीचा उंच माणूस, पालखीचा मान त्याच्याकडे. उमाताईंनी त्याला सांगितलं की सरकारी कागद आहे, गावासमोर वाचायचा आहे. त्याने हात वर करून ढोल थांबवले.

त्यांनी आधी बैल वाचला. तांबडा, डावं शिंग मोडकं. मग रोजनिशी. पट्टीशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "इथे एक नाव झाकलंय," आणि पुढे वाचत गेल्या. 'समस्त गावाने तीच आरोळी तीन वेळा दिली' हे ऐकलं तेव्हा मागे कोणीतरी खुसकन हसलं. 'मी पोळी खात बसलो होतो' याला आणखी चारजण हसले. मग हळूहळू हसणं थांबलं आणि माणसं मालन आजीकडे बघायला लागली. ती काठी धरून उभी होती. गावकाराने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"म्हंजे आमीच," तो म्हणाला. "आमच्याच आज्यांनी."

आणि जे होणार अशी मला भीती होती तेच झालं. एक तरुण पुढे आला. "पन पयली आरोळी कोनाची? त्या पट्टीखाली कोन हाय?" त्याच्यामागे दुसरा. "नाव सांगा, मॅडम. आता कशाला लपवताव?" बघता बघता सगळे तेच विचारू लागले. मघाशी आजीकडे बघणारी माणसं आता एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती आणि पाच घरांची नावं कुजबुजीत फिरायला लागली होती. उमाताई कागद छातीशी धरून उभ्या राहिल्या. "मला सांगता येणार नाही," एवढंच दोनदा म्हणाल्या. त्यांचा आवाज कोणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही.

मग काठी आपटल्याचा आवाज आला. मालन आजी दोन पावलं पुढे आली होती.

"पट्टी ऱ्हाऊं दे तशीच," ती म्हणाली. "एका नावानं काय व्हता, ता मना इचारा."

पुन्हा कोणी तो प्रश्न विचारला नाही. विचारणारा तरुण बाजूला झाला. गावकार परशुराम पालखीशी गेला, वाकून दांडीला खांदा दिला आणि दुसऱ्या बाजूला कोणी यायच्या आधी केरूला हाक मारली. केरूने आयुष्यात कधी त्या दांडीला हात लावला नव्हता. त्याला खांदा कुठला द्यायचा तेही कळेना, गावकारानेच सांगितलं.

पालखी बेड्यातून आत गेली आणि भागोजीच्या अंगणात नाचली. आजीने ओटीची तयारी केलेली नव्हती. शेजारच्या बाईने आपल्या घरचा नारळ आणि तांदूळ धावत आणून दिले. आजीने ओटी भरली, देवीला हात जोडले आणि मग पालखीकडे पाठ करून घराच्या दाराकडे तोंड केलं. तिथे उभी राहून ती खूप वेळ कोणाशी तरी बोलत होती. ढोलांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण ती कोणाची माफी मागत होती ते न ऐकताही कळत होतं. उमाताई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी दोन्ही चष्मे काढून हातात धरले होते.



दुसऱ्या दिवशी मी कक्षात पोचलो तर त्या माझ्या आधी येऊन पट्टी-वही उघडून बसल्या होत्या. कारणाचा कोरा रकाना भरून झाला होता, शाई अजून ओली होती. पट्टी क्रमांक चारशे बारा. कारण: 'भागोजी यांची मुलगी मालन यांच्या सांगण्यावरून.'